ब्रह्मपुरीची टेकडी आणि रोमची काच

हातातली बांगडी फुटली की आयाबहिणी "फुटली" म्हणत नाहीत, "वाढली" म्हणतात. मग तुकडे गोळा होतात आणि उकिरड्यावर जातात. पुढे त्या तुकड्यांचे काय होते?

शेण कुजते, पाचट कुजते, लाकूड कुजते. लोखंडाचा विळासुद्धा गंजून मातीला मिळतो. काच मात्र तशीच राहते. शंभर वर्षांनी माती उकरली तरी तुकडा हाताला लागतो. दोन हजार वर्षांनी उकरली तरीही लागतो. म्हणून जुन्या गावच्या पांढरीत काचेचा तुकडा सापडला, तर तो आपल्या आजीच्या बांगडीचा असेल, किंवा आजीच्या आजीच्याही फार पूर्वीचा असेल. कधी कधी तो समुद्रापलीकडून आलेला असतो. हे कसे, ते आता सांगतो. त्यासाठी आधी कोल्हापूरला जाऊ.

कोल्हापूर शहराच्या कडेला, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. दिसायला साधी टेकडी, पण ती नुसत्या दगडमातीची नाही. तिथे माणसे राहिली. त्यांची घरे पडली, त्यावर पुढच्या लोकांनी घरे बांधली, तीही पडली. असे थरावर थर बसत गेले. कणगीत तळाला जुने धान्य आणि वर नवे धान्य असते, तसेच हे. सगळ्यात खालचे थर सातवाहन राजांच्या काळातले आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. वरच्या थरांत बहामनी सुलतानांच्या वेळचे गाव आहे.

१९४४ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी या टेकडीकडे लक्ष घातले. तिथे एका जुन्या घराच्या जागी काशाच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. मग १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी टेकडी रीतसर खणली. रीतसर म्हणजे काय? कुदळ मारून खड्डा करायचा, असे नव्हे. एकेक थर हलक्या हाताने काढायचा. कोणत्या थरात काय मिळाले, ते तिथल्या तिथे लिहायचे. एकाच थरात नाणे आणि मडके मिळाले, तर नाण्यावरून मडक्याचे वय कळते. थर मोडला की हे सगळे गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काशाच्या साठ्यात एक छोटी मूर्ती होती. वीतभरही उंच नाही. उघड्या अंगाचा, दाढीवाला पुरुष उभा आहे आणि एक हात वर केलेला आहे. हातातली वस्तू आज नाही. हा आपला देव नव्हे. हा पोसायडन, म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. तीन टोकांचा भाला त्याच्या हाती असतो. कोल्हापूरहून समुद्र किती लांब आहे बघा. सह्याद्री उतरून खाली जावे तेव्हा कुठे पाणी दिसते. आणि इथल्या घरात परक्या समुद्राचा देव! मूर्तीबरोबर धातूचे तांबे होते, त्यांतले काही थेट इटली देशात घडवलेले. आरसाही होता. आरसा म्हटला की तुम्ही काच समजाल, पण तो काचेचा नव्हता. काशाचा पत्रा घासून घासून चकचकीत करायचा आणि त्यात तोंड पाहायचे, अशी तेव्हाची रीत होती.

सगळाच माल परदेशी होता असे मात्र समजू नका. त्याच साठ्यात हत्तीवर बसलेल्या माणसांची एक लहानशी मूर्ती आहे. ती आपल्याकडच्या कारागिराची. आम्हाला विचाराल, तर समुद्रदेवापेक्षा हा हत्ती अधिक देखणा आहे. पुढच्या काळात जाणकारांनी एकेक भांडे तपासले, तेव्हा आधी रोमचे म्हणून सांगितलेले काही नग इथलेच निघाले. चांगले काम दिसले की ते परक्याचेच असणार, असे समजायची खोड आपल्याला आहे. ती इथेही नडली.

रोमची जहाजे

रोम हे इटली देशातले शहर. दोन हजार वर्षांपूर्वी या एका शहराची सत्ता फार दूरवर पसरली होती. इजिप्त, शाम म्हणजे सीरिया, ग्रीस, हे सगळे मुलूख रोमच्या बादशहाखाली होते. तिथल्या श्रीमंतांना आपल्याकडचे मिरे हवे असत. तलम कापड, हस्तिदंत, रंगीत खडे हेही हवे असे. मग इजिप्तच्या बंदरांतून जहाजे निघत. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वारा वाहतो, तो आपल्याकडे पाऊस आणतो. त्याच वाऱ्यावर शिडे उभारून ती जहाजे आपल्या किनाऱ्याला येत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहिले आहे की, लाल समुद्राच्या तोंडापासून केरळचे बंदर ४० दिवसांत गाठता येई. परतताना वाट बघावी लागे. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की मग घरचा रस्ता.

हाच प्लिनी कुरकुर करतो. तो म्हणतो, दर वर्षी ५ कोटी नाणी हिंदुस्थान खाऊन टाकतो आणि बदल्यात शंभरपट किमतीचा माल आमच्या गळ्यात मारतो. ती रोमची सेस्टर्स नावाची नाणी. आकडा खरा की फुगवलेला, यावर विद्वानांत वाद आहे. पण बायकामाणसांच्या हौसेपायी पैसा परदेशी चालला, ही तक्रार तेव्हाही होती, एवढे दिसते.

त्या काळात ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या धंद्याची वही लिहून ठेवली. तिला पेरिप्लस म्हणतात. कोणत्या बंदरात काय खपते आणि काय मिळते, ते तीत सांगितले आहे. तीत कल्याणचे नाव आहे, भडोचचे आहे. पैठण आणि तेर या आपल्या गावांचीही नावे आहेत. पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला नेत, असे तो लिहितो. बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून ज्यांनी माल ओढला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोल्हापूरला तेव्हा कुर घराण्यातले राजे होते. विळिवायकुर, शिवलकुर अशी त्यांची नावे आहेत. त्यांनी शिशाची नाणी पाडली, त्यांवर धनुष्यबाण आहे. अशी नाणी ब्रह्मपुरीच्या आसपास पुष्कळ सापडली. टॉलेमी नावाच्या भूगोल लिहिणाऱ्याने, सुमारे इसवी सन १५० मध्ये, बालेओकुरोस नावाच्या राजाची राजधानी सांगितली आहे. हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुरच, असे बरेच विद्वान मानतात. म्हणजे आपल्या राजाचे नाव इजिप्तपर्यंत पोचले होते.

आता काचेकडे येऊ. त्या व्यापाऱ्याच्या वहीत काच दोन तऱ्हेने येते. सिंधू नदीच्या मुखाजवळच्या बंदरात काचेची भांडी आणली जात, आणि भडोचला कच्ची काच. कच्ची काच म्हणजे गुळाच्या ढेपेसारखे ओबडधोबड गोळे. ढेप फोडून पुन्हा पाक करता येतो ना? तसे हे गोळे भट्टीत वितळवून त्यांचे मणी आणि बाकीच्या वस्तू करायच्या.

फुंकणीची करामत

काच कशाची होते? वाळूची. ऐकून नवल वाटेल, पण खरे आहे. नुसती वाळू मात्र सहज वितळत नाही, तिला फार मोठी आंच लागते. तीत खार मिसळला की ती कमी आंचेवर वितळते. आपण पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचा हा खार. इजिप्तमध्ये काही तळी आहेत. उन्हाळ्यात त्यांचे पाणी आटते आणि तळाशी खाराची पापडी जमते. रोमच्या अमलात काचेला हाच खार वापरत. शाम देशाच्या किनाऱ्यावरची वाळू त्यासाठी नावाजलेली होती, कारण तीत शिंपल्यांचा चुरा असे. शिंपला म्हणजे चुना. वाळू, खार आणि चुना यांचे ठीक प्रमाण बसले की काच टिकते. चुना नसला तर ती ओलीने पाझरू लागते.

वाळूत थोडे लोखंड असतेच. त्यामुळे साध्या काचेला हिरवट झाक येते, सोड्याच्या बाटलीसारखी. तांबे घातले की निळा-हिरवा रंग येतो. कोबाल्ट नावाचा धातू चिमूटभर घातला की गडद निळा होतो.

पहिल्या पहिल्यांदा काचेचे भांडे करणे फार किचकट होते. वाडगा करायचा तर आधी मऊ काचेची जाड चकती करत. तिच्यावर दाबून उभ्या कडा उठवत. मग ती चकती उपड्या साच्यावर ठेवत. आंचेने ती साच्यावर ओघळून बसे. उपड्या वाटीवर करंजीची पारी टाकली तर ती कशी बसेल, तसे समजा. अशा वाडग्याला बाहेरून खरबुजासारख्या उभ्या धारा असतात. आतून तो घासून गुळगुळीत केलेला असतो. एका वाडग्याला पुष्कळ वेळ लागे, आणि तो घेणे श्रीमंतालाच परवडे.

मग कुणा कारागिराला एक युक्ती सुचली. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. ती फुंकणीची युक्ती. होय, चुलीपुढे असते तसलीच पोकळ नळी. वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घ्यायचा आणि दुसऱ्या टोकातून फुंक मारायची. साबणाचा फुगा फुगावा तसा काचेचा फुगा फुगतो. तो थंड व्हायच्या आत चिमट्याने मान काढायची, तोंड काढायचे, की झाली बाटली. याचा सर्वांत जुना पुरावा जेरुसलेम शहरात मिळाला आहे. तिथे इसवी सनापूर्वी ५० च्या सुमाराचा काचकामाचा उकिरडा सापडला, त्यात फुंकलेल्या काचेचे तुकडे होते. बघा, तिथेही उकिरड्यानेच गोष्ट सांगितली!

फुंकणी आली आणि काचेचा भाव पडला. एका फुंकेत भांडे उभे राहू लागले. स्ट्रॅबो नावाचा लेखक सांगतो की, रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका लहान नाण्याला मिळे. गरिबाच्या घरीही काच आली. अत्तराच्या कुप्या, दारूचे पेले, तेलाच्या बाटल्या, सगळे काचेचे. फुटलेली काच फेकून देत नसत. ती गोळा करून पुन्हा वितळवत. इटलीच्या किनाऱ्याजवळ ग्रादो इथे त्या काळातले एक बुडालेले जहाज सापडले. त्यावर एक पिंप भरून फुटकी काच होती. आपल्याकडे भंगारवाला फुटक्या बाटल्या नेतो, त्याचेच हे जुने बिऱ्हाड.

रोममध्ये पै-पैशाला मिळणारा तो पेला आपल्याकडे येईपर्यंत किती महाग पडत असेल, याचा विचार करा. नाईल नदीतून होडी, मग वाळवंटातून उंटांचा तांडा, मग समुद्र, मग बैल. वाटेत फुटला की गेला. म्हणून भांड्यांपेक्षा कच्च्या काचेचे गोळे आणणे सोयीचे. गोळा आपटला तरी त्याचे नुकसान काय?

तरीही भांडी आली. पाँडिचेरीजवळ अरिकामेडू या जुन्या बंदराच्या जागी १९४५ साली खोदकाम झाले. तिथे त्या खरबुजी धारांच्या वाडग्यांचे तुकडे मिळाले. केरळात पट्टणम गावी २००७ पासून खोदकाम झाले, तिथेही तसेच तुकडे निघाले. अफगाणिस्तानात बेग्राम इथे मात्र नवलच घडले. १९३७ ते १९३९ या काळात फ्रेंच लोकांनी तिथल्या खोल्या उकरल्या. त्यांत काचेची शंभराहून अधिक भांडी होती. चित्रे रंगवलेले पेले होते, माशाच्या आकाराच्या कुप्या होत्या. कुणीतरी त्या खोल्यांची दारे चिणून टाकली होती, म्हणून माल वाचला. आपल्याकडच्या काचेला कुणी असे चिणून ठेवले नाही. ती वापरली, फुटली आणि उकिरड्यावर गेली. काशाचे भांडे पोचते, पण फुटत नाही. ब्रह्मपुरीत रोमचे काशाचे तांबे अख्खे हाती लागले, ते याच कारणाने.

आपली काच

ब्रह्मपुरीतही काच निघाली. ती मण्यांची आणि बांगड्यांची. सातवाहन थरांत काचेचे मणी मिळाले. वरच्या बहामनी थरांत बांगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे पुष्कळ मिळाले. एका रंगावर दुसऱ्या रंगाची वेलबुट्टी काढलेली, अशी त्यांची कारागिरी. ही टेकडी खणणाऱ्यांपैकी डॉ. दीक्षित यांना पुढे काचेचा नादच लागला. त्यांनी भारतातल्या काचेचा सबंध इतिहास लिहिला, तो १९६९ साली छापला गेला.

आपल्या गावचा कासार बांगड्या भरतो आणि त्याच समाजात काशा-पितळेची भांडीही घडवली व विकली जातात. ब्रह्मपुरीच्या टेकडीतही हेच दोन जिन्नस एका जागी मिळाले, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

आपल्या देशात काच रोमच्या आधीपासून होत होती. मग एखादा तुकडा आपला की परका, हे कसे ओळखायचे? डोळ्यांनी नेहमीच कळत नाही. पण खार वेगळा असतो. आपल्याकडे चोपण जमिनीवर पांढरा खार फुटतो. शिरोळ तालुक्यात, उसाला पाणी अति झाले की रान कसे पांढरे पडते, ते तुम्ही पाहिले असेल. उत्तरेत अशा खाराला रेह म्हणतात. तसल्या खारमातीपासून आपले जुने कारागीर काच करत. तिच्यात मातीतली ॲल्युमिना अधिक उतरते. इजिप्तच्या तळ्यातल्या खाराच्या काचेत ती कमी असते. प्रयोगशाळेत तुकड्याचा मोहरीएवढा कण तपासला तरी हे कळते. एवढ्याशा तुकड्यावरून कळते की ही काच शामच्या किनाऱ्यावर वितळली की गंगेच्या खोऱ्यात. म्हणून तुकडा लहान आहे, फुटका आहे, यावर त्याची किंमत ठरत नाही.

आता नडते कुठे, ते सांगतो. गाव उठून गेले की पांढरी मोकळी पडते. तिची माती खताला चांगली, म्हणून गाड्या भरभरून शेतात नेतात. कुठे वीटभट्टीला नेतात, कुठे घराचा पाया खणतात. पूर्वी हे काम फावड्याने होई, तेव्हा निदान काही दिसे तरी. आता यंत्राच्या एका घासात पाचशे वर्षांचे थर उचलले जातात. नाणे दिसले तर माणूस उचलतो. मडके दिसले तर फोडून आत धन आहे का पाहतो. काच कोण बघतो? ती पायाला लागेल म्हणून बांधापलीकडे भिरकावतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. ते पुरातत्त्वाचे पंडित नव्हते. पण तेरच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जपून जमवल्या. मणी, मूर्ती, नाणी, हस्तिदंताची बाहुली, अशा हजारो वस्तू झाल्या. आज तेरला त्यांच्या नावाने सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तसलीच हस्तिदंती बाहुली इटलीत पाँपे शहरात सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यांची काच इकडे येत होती आणि आपले हस्तिदंत तिकडे जात होते. लामतुऱ्यांनी वस्तू जमवल्या नसत्या, तर तेरचा तो पुरावा मातीबरोबर रानोमाळ गेला असता.

तुमच्या रानात असे काही निघाले तर काय करावे? पहिले म्हणजे खणणे थांबवावे. जुनी काच ओळखायची एक खूण आहे. फार काळ मातीत राहिलेल्या काचेवर पापुद्रा चढतो आणि त्यावर मोराच्या पिसासारखे रंग खेळतात. काचेत बारीक बुडबुडेही दिसतात. तो पापुद्रा कचरा समजून खरवडू नये, धुऊही नये. त्याच्याबरोबरचे खापर आणि मूठभर माती सोबत ठेवावी. मग तलाठ्याला किंवा पोलीसपाटलाला सांगावे. कोल्हापूरकडच्या मंडळींना टाऊन हॉलमधले वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथेच ठेवल्या आहेत.

कायदाही माहीत असावा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत लपलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवली तर शिक्षा आहे. पण कळवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही त्यात धरला आहे. सरकारने वस्तू घेतलीच, तर तिच्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे कलम आहे. फुटक्या काचेचे १० रुपयेही होणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तिच्यासाठी कायद्याची वाट बघू नका, तशीच नेऊन दाखवा.

तुकडा कागदात गुंडाळावा आणि बरोबर एक चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर गावाचे नाव, शेताचा गट नंबर, सापडल्याची तारीख आणि किती हात खोल सापडला, ते लिहावे. आता तुम्हाला लिहिता येतेच. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.